आवाज पोचतो, कीर्तन पोचतं का?

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातलं सावरगाव घाट हे संत भगवानबाबांचं जन्मगाव. १८९६ साली जन्मलेल्या बाबांनी वारकरी कीर्तन बीड आणि नगर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत नेलं, पुढे पाथर्डी तालुक्याच्या हद्दीत भगवानगड उभारला आणि १९६५मध्ये देह ठेवला. याच पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगडही आहे. नाथपंथातल्या गहिनीनाथांचं समाधिस्थान मानली जाणारी ही जागा वामनभाऊ महाराजांमुळे वारकऱ्यांचीही झाली. दोन्ही गडांचे नारळी सप्ताह दर वर्षी नव्या गावाला जातात. ज्या गावाला नारळ मिळतो, ते गाव वर्गणी, धान्य आणि मंडपाच्या तयारीला लागतं. डोंगराळ, कमी पावसाच्या या भागात कीर्तनानं करमणुकीपेक्षा पुष्कळ मोठं काम केलं आहे. मुलांचं शिक्षण, दारू, हुंडा, भावकीतले वाद यांवर सगळ्या गावासमोर कुणीतरी अधिकारानं बोलतो, ती जागा म्हणजे कीर्तनाचा मंडप.

सप्ताहाची घडी इथल्या माणसाला पाठ असते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. शेवटी काल्याचं कीर्तन होतं, काला वाटला जातो आणि पंगती उठतात.

याच तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी हिशेबात एक ‘कोयता’ म्हणून धरली जाते आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे किंवा कर्नाटकात जाते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, गाव दिसत नाही. त्या महिन्यांत गावात सप्ताह बसला, तर तो त्यांना मोबाईलवरच भेटतो. फडाजवळच्या कोपीत, दिवसभराच्या तोडणीनंतर, यूट्यूबवर कीर्तन लागतं. विणेकरी दिसतो, टाळकऱ्यांची रांग दिसते, गजर ऐकू येतो.

कोपीत बसून हे ऐकणाऱ्या बाईला श्रवणभक्ती घडली का? की तिच्यापर्यंत कीर्तनाचा नुसता आवाज आला? गेली शंभर वर्षं रेडिओ, चित्रपट, दूरदर्शन आणि आता मोबाईल यांनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा केला आहे. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यावर बराच विचार केला आहे. पण आपल्या दर्शनकारांनी शब्दाविषयी केलेला विचारही इथे थेट उपयोगी पडतो, आणि तो त्याहून जुना आहे.

मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. कंठातून निघणारा ध्वनी शब्दाला जन्म देत नाही, फक्त प्रकट करतो. हे मानलं तर प्रकट करणारं साधन कंठ असो, कर्णा असो की मोबाईलचा स्पीकर, शब्दाचं काही बिघडत नाही. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो; पाण्यावरच्या लाटेतून लाट उठावी तसा एका ध्वनीतून दुसरा ध्वनी निपजत तो कानापर्यंत येतो. या कल्पनेला त्यांनी वीचीतरंगन्याय असं नाव दिलं. शिवाय शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह जाणकार, असेल तर. म्हणजे मोबाईलवरच्या कीर्तनाविषयी मीमांसक निर्धास्त राहील. नैयायिक मात्र विचारील, की हे बोललं कोण, कुणाला उद्देशून आणि कुठल्या वेळी?

वारकरी परंपरेनं दोन्ही गोष्टी धरून ठेवल्या. नाम कुणीही, कुठेही घ्यावं, ते फळतंच, हा तिचा विश्वास मीमांसेच्या जवळ जातो. पण त्याच परंपरेत संतसंगाला तितकंच महत्त्व आहे. नुसतं नाम एकट्यानं घेता येतं. कीर्तनाला मात्र साथ लागते, समोर माणसं लागतात.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३०च्या दशकात कलाकृतीच्या यांत्रिक पुनर्निर्मितीवर एक निबंध लिहिला. मूळ कलाकृती एका जागी, एका काळात असते, त्यामुळे तिच्याभोवती एक तेजोवलय असतं. छापील प्रत, छायाचित्र आणि चित्रपट आले की ते वलय विरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. या विरण्याकडे त्यांनी केवळ हानी म्हणून पाहिलं नाही. वस्तू पूजेच्या गाभाऱ्यातून बाहेर येऊन लोकांच्या हाती पडते, यात त्यांना मुक्तीही दिसत होती.

महाराष्ट्रात मात्र भलतंच घडलं. १९३६ साली, बेंजामिन हा विचार मांडत होते त्याच सुमारास, प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस लोकांना तुकोबाच वाटू लागले. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक पद तर अनेकांनी खुद्द तुकोबांचा अभंग म्हणून स्वीकारलं. प्रतिमेनं मूळ वलय पुसलं नाही, नवं वलय तयार केलं. नैयायिकाचा प्रश्न इथे बोचरा होतो, कारण आप्त कोण हे ओळखण्याची खूणच माध्यमानं धूसर केली. अभंगाला कीर्तनकार ‘प्रमाण’ म्हणतात, ते उगाच नाही. प्रमाण कुठून आलं हे ठाऊक असणं हा कीर्तनाच्या शिस्तीचा भाग आहे.

पुढे रेडिओ. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीनं ‘गीतरामायण’ सुरू केलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एका वर्षात ५६ गीतं. गाणं लागण्याच्या वेळी घरोघरी रेडिओला हार घातले जात, उदबत्ती लावली जाई. तीसेक वर्षांनी, २५ जानेवारी १९८७पासून, रामानंद सागर यांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं आणि रविवारी सकाळी टीव्हीच्या पेटीची पूजा होऊ लागली. ज्या गावात एकच संच होता, तिथे सगळी आळी त्या घराच्या ओसरीत बसली.

या दोन्ही प्रसंगांकडे भाबडेपणा म्हणून पाहणं सोपं आहे, पण त्यात अभ्यासण्यासारखं खूप आहे. बोलणारा समोर नव्हता, तरी ऐकणारे एकमेकांसमोर होते. माध्यमानं आवाज आणला आणि सभा लोकांनी स्वतः भरवली. अमेरिकी विचारवंत आणि जेझुइट धर्मगुरू वॉल्टर ऑंग यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात रेडिओ-टीव्हीच्या काळाला दुय्यम मौखिकतेचा काळ म्हटलं. लिखित संस्कृतीनं माणसाला एकट्यानं वाचायला शिकवलं. नव्या माध्यमांनी त्याला पुन्हा ऐकणाऱ्यांच्या समूहात आणलं, असं त्यांना दिसत होतं. ‘रामायण’ पाहणारी ओसरी हे त्याचं नेमकं उदाहरण आहे. एकेका हातातल्या मोबाईलनं ही ओसरी मोडली. कॅसेटपासूनच तिची मोड सुरू झाली होती, पण कॅसेट निदान घरातले सगळे मिळून ऐकत. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ अनेक घरांत दिवेलागणीला कॅसेटवर लागायचा आणि त्याच्यामागे घरातली माणसं म्हणायची.

मंडपातलं कीर्तन पूर्णपणे माध्यममुक्त होतं, असंही समजू नये. कर्णा आला तेव्हाच बदल झाला. मार्शल मॅक्लुहान हे कॅनडातले माध्यमविचारक. माध्यमातून काय सांगितलं जातं यापेक्षा माध्यम माणसांमधलं नातं कसं बदलतं, याकडे त्यांचं लक्ष असे. धर्मानं कॅथलिक असलेल्या मॅक्लुहान यांनी १९७४मध्ये चर्चमधल्या मायक्रोफोनवर लिहिलं. लॅटिन प्रार्थना मागे पडण्यात मायक्रोफोनचा मोठा वाटा आहे, असा त्यांचा तर्क होता. न कळणारी भाषा दूरवरून गुणगुणत ऐकू येते तोवर गूढ वाटते; ती कानाशी मोठ्यानं आली की टिकत नाही. आपल्याकडे कर्ण्यानं वेगळं काम केलं. कीर्तनकाराला आवाज फेकावा लागेना, त्यामुळे बोलीतलं, बारीक चिमटे काढणारं, गप्पांसारखं निरूपण वाढायला वाव मिळाला. आणि घरी बसून ऐकू येतं म्हटल्यावर मंडपात जाण्याची निकड कमी झाली. आज मोबाईलला जो दोष दिला जातो, त्याची सुरुवात मंडपाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यापाशी झालेली आहे.

ब्रिटिश अभ्यासक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली टीव्हीविषयी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. टीव्हीवर माणूस सुटा कार्यक्रम पाहत नाही, तो एक अखंड ओघ पाहतो. बातमी, जाहिरात, नाटक, पुन्हा जाहिरात, सगळं एकमेकांत मिसळतं. पाटोदा परिसरात या विचाराची कसोटी लावण्याजोगी घटना घडली आहे. भगवानगडावर भाजप नेते गोपीनाथ मुंडे यांच्या काळापासून दसरा मेळावा होत असे. पुढे गडाचे महंत नामदेवशास्त्री यांनी गडावरून राजकीय भाषण होणार नाही, अशी भूमिका घेतली. २०१६चा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला आणि २०१७पासून गोपीनाथरावांच्या कन्या पंकजा मुंडे यांचा मेळावा सावरगाव घाटला भरू लागला. महंतांच्या भूमिकेवर तेव्हा मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक तत्त्व त्यातून पुढे येतं. जागेला स्वतःची मर्यादा असते, आणि काय बोलायचं व काय नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या जागेच्या परंपरेकडे असतो.

पडद्यावर ही मर्यादा राहत नाही. काल्याचं कीर्तन संपतं, त्याखाली लगेच मेळाव्याचं भाषण येतं, मग भगवानबाबांवरचं डीजेच्या तालावरचं गाणं, मग कुठलीशी जाहिरात. गडानं ज्यांच्यात सीमा आखली, त्यांना पडदा एका ओळीत बसवतो. हा क्रम लावणाऱ्या अल्गोरिदमला गड माहीत नाही आणि त्याला जाबही विचारता येत नाही. माणूस कुठे थांबतो एवढंच त्याला कळतं.

संगीत-व्हिडिओंचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. संतांवरची नवी गाणी वरातीच्या चालीवर बांधली जातात, त्यात ड्रोननं टिपलेला गड दिसतो, भगव्या पताकांचा समुद्र दिसतो. अशा गाण्यात तरुणांना आपल्या गावाचा, आपल्या बाबांचा अभिमान दिसतो, आणि तो खोटा नाही. पण कीर्तनात माणसाला स्वतःकडे पाहायला लावलं जातं. निरूपण त्याच्या दारूवर येतं, त्याच्या लोभावर येतं. तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओत तसा क्षण फारसा येत नाही, कारण तिथे माणूस गौरव ऐकायलाच आलेला असतो.

संदेश पाठवणाऱ्याला जो अर्थ अभिप्रेत असतो, तोच घेणाऱ्याला लागेल असं नाही, हे संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलं. ऐकणारा तो अर्थ मान्य करील, त्यात आपल्यापुरता फेरफार करील किंवा उलटा अर्थ लावील. मंडपातला कीर्तनकार चेहरे पाहून सावरून घेतो. कॅमेऱ्यापुढे ती सोय नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये निवृत्ती महाराज देशमुख इंदुरीकर यांच्या कीर्तनातलं अपत्याच्या लिंगाविषयीचं विधान व्हिडिओमुळे राज्यभर गेलं. आरोग्य यंत्रणेनं नोटीस दिली, महाराजांनी दिलगिरी व्यक्त केली, प्रकरण पुढे न्यायालयात गेलं. एरवी जे विधान मंडपापुरतं राहिलं असतं, त्याला रेकॉर्डिंगमुळे उत्तर द्यावं लागलं. व्यासपीठावरच्या शब्दालाही कायदा आणि विज्ञान लागू आहे, हे त्यातून ठळक झालं. हा माध्यमाचा फायदाच मानायला हवा. दुसऱ्या बाजूला, २०२१मध्ये कीर्तनकार शिवलीला पाटील ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात गेल्या तेव्हा वारकऱ्यांमधून आक्षेप आले आणि त्यांनी नंतर माफी मागितली. त्यांच्या कीर्तनाला व्हिडिओंनी मोठा श्रोतृवर्ग दिला होता. पडद्याच्या एका प्रकारातून मिळालेली मान्यता दुसऱ्या प्रकारात पाऊल ठेवताच प्रश्नांकित झाली.

या सगळ्यावरून मंडपच खरा आणि पडदा खोटा, असा निवाडा देण्याचा मोह होतो. इतिहास तो देऊ देत नाही. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. त्या देवळाची दारं दलितांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषण करावं लागलं. ज्यांना आत घेतलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी ‘प्रत्यक्ष उपस्थिती’ हा शब्द कोरडा होता. रेडिओ आणि कॅसेट यांनी उंबरठ्यावर जात विचारली नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्याची साक्ष आहे. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं एकाच कंठातून आली, आणि कॅसेटच्या दुकानांतून दोन्ही घराघरांत गेली. बेंजामिन यांना वलय विरण्यात जी मुक्ती दिसली होती, तिचं मराठी रूप इथे सापडतं.

जॉन डरहॅम पीटर्स या अमेरिकी अभ्यासकानं १९९९ साली याच दिशेनं लिहिलं. पाश्चात्त्य परंपरेत संवादाचे दोन आदर्श आहेत, असं ते म्हणतात. सॉक्रेटिसला समोरासमोरचं, एकाचं एकाशी बोलणं हवं होतं. येशूच्या दृष्टांतातला पेरणारा मात्र मूठ भरून बी सगळीकडे फेकतो. कुठे उगवेल याचा हिशेब ठेवत नाही. पीटर्स या दुसऱ्या पद्धतीची बाजू घेतात. परतफेड न मागता सगळ्यांना देणं यात औदार्य आहे, असं ते मानतात. कीर्तनकाराला पेरणारा म्हणणं बालाघाटाच्या या डोंगररांगेतल्या शेतकऱ्याला सहज पटेल. पण त्याला हेही ठाऊक आहे, की पेरणीनंतर राखण आणि खुरपणी असते, आणि ती वावरात जाऊनच करावी लागते.

ख्रिस्ती धर्मसंस्थेलाही हा भेद करावा लागला. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी चित्रपट, रेडिओ आणि टीव्ही यांवर परिपत्रक काढलं. टीव्हीवर मिस्सा पाहणं प्रत्यक्ष हजर राहण्यासारखं नाही, हे त्यात स्पष्ट केलं आणि आजारी, अडलेल्या माणसांना त्याचा आधार होतो हेही मान्य केलं. आपल्याकडे असं ठरवणारं एक पीठ नाही. त्यामुळे हा निर्णय प्रत्येक गावाला, वारकऱ्यांच्या प्रत्येक फडाला स्वतः घ्यावा लागतो.

२०२०मध्ये तो सगळ्यांनाच घ्यावा लागला. करोनामुळे पायी वारी रद्द झाली, पालख्यांतल्या पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या, १ जुलैची आषाढी एकादशी लाखो वारकऱ्यांनी घरी पडद्यावर पाहिली. मार्चपासून बंद असलेली राज्यातली मंदिरं नोव्हेंबरमध्ये उघडली. त्या काळात पडद्यावरच्या दर्शनानं माणसांना खरोखर धीर दिला. पण पडद्यावरच्या दर्शनानं वारी झाली, असं मानून पुढच्या वर्षांत कुणी घरी थांबलं नाही. परवानगी मिळताच दिंड्या निघाल्या.

यातून निघणारं उत्तर असं, की नाम आणि बोध कोणत्याही माध्यमातून पोचतात, आणि ते पोचवणं पुण्याचंच काम आहे. कोपीतल्या बाईची श्रवणभक्ती खरी आहे, तिच्यावर शंका घेण्याचा अधिकार मंडपातल्या कुणालाही नाही. पडद्यावरून जात नाही ती एकमेकांची बांधिलकी. कीर्तनात लोक एकमेकांच्या पाया पडतात, वयानं मोठा लहानाच्याही पडतो. वीणेचा पहारा कुणीतरी घ्यावाच लागतो. काला एकमेकांच्या हातून खावा लागतो. पंगतीत शेजारी कोण बसलंय, हे दिसतं. कीर्तनकार चुकला तर गायनाचार्य प्रमाण देऊन त्याला सावरतो. समतेचा जो दावा वारकरी करतात, तो या हातांच्या देवघेवीत तपासला जातो, आणि तिथे तो कमी पडला तर तेही लपत नाही. पडद्यावर सगळे समान दिसतात, कारण तिथे कुणाला कुणाजवळ बसावंच लागत नाही.

म्हणून माध्यमांच्या अभ्यासकांनी पाटोद्यासारख्या ठिकाणी येऊन किती जणांनी व्हिडिओ पाहिला हे मोजत बसण्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत. कीर्तनाचं रेकॉर्डिंग कुणाच्या परवानगीनं होतं? त्यातून येणारं उत्पन्न कुणाला मिळतं, आणि सप्ताहाच्या अन्नदानात त्यातला वाटा पडतो का? कीर्तनसेवेचं मोल घेऊ नये, असं तुकोबांनी कठोरपणे बजावलं होतं. मग त्याच सेवेच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचं काय? निरूपणातून तुकडा तोडला तर आधीचा-नंतरचा संदर्भ जोडण्याची जबाबदारी कुणाची?

सप्ताह समित्यांनाही काही करता येईल. गावाचं कीर्तन गावानंच चित्रित करून, काटछाट न करता, पूर्ण प्रसारित करावं. त्यासाठी लागणारा मोबाईल आणि स्टँड हल्ली बहुतेक मंडपांत असतोच. तोडणीला गेलेल्या टोळ्यांनी वर्गणी पाठवली तर इतरांसारखीच त्यांचीही नावं पुकारली जावीत. आणि एखादा सप्ताह पट्टा पडून कोयते परत आल्यावर, चैत्र-वैशाखात बसवावा. फडावरून परतलेल्या बाईला तेव्हा पारायणात ओवी वाचायला मिळेल, ज्या गावात चाल असेल तिथे वीणेचा पहारा मिळेल, आणि काल्याच्या पंगतीत ती नुसती वाढायला नाही, जेवायलाही बसेल.